रस्त्याचा दर कोणाच्या हातात?



14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या वेशीवरचे पाचही टोलनाके हलक्या वाहनांसाठी खुले झाले. दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी. मोटारीला तोवर एका खेपेला 45 रुपये पडत होते, ते बंद झाले. त्यानंतर तीन महिन्यांनी, जानेवारी 2025 मध्ये, एसटीचे भाडे जवळजवळ 15 टक्क्यांनी वाढले. आणि 9 मे 2025 रोजी बेस्टचे किमान भाडे साध्या बसला 5 चे 10 आणि वातानुकूलित बसला 6 चे 12 रुपये झाले. हे तीन निर्णय तीन ठिकाणी झाले, प्रत्येकाची कारणे निराळी होती आणि कोणीही ते एकत्र बसून घेतले नाहीत. पण प्रवासी ते एकत्रच भोगतो. ज्या महानगरात वाहतूक कोंडीवर रोज बोलले जाते, तिथे सात महिन्यांच्या आत मोटारीने शहरात शिरणे स्वस्त झाले आणि बसने फिरणे दुप्पट महाग झाले. टोलमाफीचे स्वागत मात्र जवळपास सगळ्यांनीच केले. ते का केले, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच बोलता येणार नाही, कारण त्या स्वागतामागचा राग खरा होता.

मला आज मांडायचे आहे ते असे. आपल्याकडे पंचवीस वर्षे वाद झाला तो टोल घ्यावा की माफ करावा याचा. त्या वादात एक प्रश्न मागे पडला: दर ठरवण्याचा आणि बदलण्याचा अधिकार कोणाकडे असावा? टोल आगाऊ रकमेच्या मोबदल्यात वर्षानुवर्षांसाठी देऊन टाकला, की त्याबरोबर दर हलवण्याचा अधिकारही जातो. तो गेला की टोल हे फक्त वसुलीचे साधन उरते आणि गर्दी आवरण्याच्या कामी त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. रस्त्याचा दर सरकारच्या म्हणजे लोकांच्या हातात हवा, तो गर्दीप्रमाणे वर जायला आणि खालीही यायला हवा, आणि त्यातून येणारा पैसा सार्वजनिक वाहतुकीत दिसायला हवा. या तिन्ही गोष्टी असतील तर टोल समर्थनीय आहे. नसतील तर लोक तो झुगारून देतात, आणि त्यात त्यांची चूक काढता येत नाही.

आपल्याकडे हे कसे घडले ते पाहू. 1990 च्या दशकात राज्याच्या तिजोरीत मोठ्या रस्त्यांसाठी पैसा नव्हता. 1996 मध्ये महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ स्थापन झाले. मुंबईतले उड्डाणपूल आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ही त्याची पहिली मोठी कामे. बाजारातून कर्ज काढायचे, काम उभे करायचे आणि टोलमधून फेडायचे, हा विचार त्या काळात धाडसाचा होता आणि त्याला फळही आले. बोरघाटातून पुण्याला जाण्याचा जुना अनुभव ज्यांना आठवतो, ते द्रुतगती मार्गाचे मोल नाकारणार नाहीत. पण कर्जाचे हप्ते जड झाले तेव्हा महामंडळाने पुढच्या अनेक वर्षांचा टोल एकरकमी विकायला सुरुवात केली. 2004 मध्ये द्रुतगती मार्ग आणि त्याच्या शेजारचा जुना महामार्ग यांची टोलवसुली 918 कोटी रुपये आगाऊ घेऊन 15 वर्षांसाठी एका कंपनीकडे गेली. 2010 मध्ये मुंबईचे पाच नाके 2,100 कोटी रुपयांना 16 वर्षांसाठी गेले. 2020 मध्ये द्रुतगती मार्गाचे नवे कंत्राट 8,262 कोटींना झाले, ते 2030 पर्यंत चालेल. या व्यवहारात कंत्राटदार विकत घेतो ते काय? येणाऱ्या वर्षांतली वाहने आणि त्यांना लागणारा ठरलेला दर. दर तीन वर्षांनी किती वाढ होणार हेही आधीच लिहिलेले असते. द्रुतगती मार्गावर 1 एप्रिल 2023 पासून मोटारीला 270 चे 320 रुपये झाले, ते त्या वर्षी रस्त्यावर काय चालले होते म्हणून झाले नाहीत. तारीख उजाडली, दर वाढला.

याचा रस्त्यावर होणारा परिणाम कोणालाही तपासता येतो. जोडून सुट्ट्या आल्या की शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात वाहनांची रांग लागते. महामार्ग पोलीस अवजड वाहने थांबवून ठेवतात आणि प्रवाशांना वेळ बदलून निघण्याची विनंती करतात. पण दर मात्र त्या शनिवारीही 320 आणि मंगळवारी पहाटे तीन वाजता रिकाम्या रस्त्यावरही 320. पहाटे निघणाऱ्याला एक रुपयाची सवलत नाही. पोलीस जे तोंडाने सांगतात ते दर सांगू शकला असता, पण त्याची भाषाच कंत्राटात गोठवून ठेवली आहे.

याहून ठळक उदाहरण ठाण्याच्या खाडीवर आहे. जानेवारी 2024 मध्ये सुमारे 22 किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. त्यावर मोटारीला एका बाजूचे 250 रुपये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वाशीच्या खाडीपुलावरचा मोटारीचा टोल शून्य झाला. पनवेलकडून मुंबईत यायला आता दोन वाटा आहेत. एक नवी, रुंद, अपेक्षेपेक्षा बरीच कमी वाहने वाहणारी, आणि ती महाग. दुसरी जुनी, वाशी-मानखुर्द-चेंबूरच्या दाट वस्तीतून जाणारी, आणि ती फुकट. गर्दीचा विचार करून दर लावायचे ठरवले असते तर ते नेमके उलटे लावावे लागले असते. गर्दीच्या वेळी वाशीला दर आणि सेतूवर सवलत. आपण सेतूचा दर कर्जाच्या हिशेबाने ठरवला आणि वाशीचा दर निवडणुकीच्या तोंडावर काढून टाकला. खाडीचे दोन पूल एकाच शहराचे आहेत, हा विचार दोन्ही वेळा झाला नाही.

टोल विकण्याचा दुसरा परिणाम हिशेबावर होतो. दिल्ली-नोएडा दरम्यानच्या डीएनडी उड्डाणमार्गाची कथा या बाबतीत प्रत्येक विधिमंडळ सदस्याने वाचावी अशी आहे. त्या पुलासाठी 1997 मध्ये करार झाला. त्यात असे कलम होते की कंपनीला प्रकल्पाच्या एकूण खर्चावर वर्षाला 20 टक्के परतावा मिळेल, आणि एखाद्या वर्षी तेवढा परतावा टोलमधून निघाला नाही तर उरलेली रक्कम खर्चातच मिळवली जाईल. म्हणजे पुढच्या वर्षी त्या वाढलेल्या खर्चावर पुन्हा 20 टक्के. सुमारे 400 कोटींच्या पुलाची वसूल करायची रक्कम अशा रीतीने कागदावर हजारो कोटींवर गेली. वाहने वर्षानुवर्षे पैसे देत राहिली आणि देणे कमी होण्याऐवजी वाढत राहिले. 2016 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने हा टोल बंद केला आणि डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. आठ वर्षे लागली, पण निकाल स्पष्ट आहे: खर्च आणि वाजवी नफा निघाल्यावर जनतेकडून वसुली चालू ठेवता येत नाही.

कोल्हापूरकरांना हे न्यायालयाच्या निकालाची वाट न पाहता कळले होते. शहरातल्याच रस्त्यांसाठी शहरातल्याच लोकांकडून टोल, हे त्यांना मान्य नव्हते. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आणि गोविंद पानसरे यांच्या साथीने जे आंदोलन उभे राहिले, त्यात व्यापारी, रिक्षावाले, शेतकरी, विद्यार्थी सगळे होते. त्यांचा मुख्य प्रश्न रस्त्याच्या कामाचा दर्जा आणि खर्चाचा खरेपणा हा होता. कामाचे मूल्यांकन कोणी केले, किती झाले, किती उरले? अखेर 2015 च्या शेवटी टोल रद्द झाला आणि कंपनीचे पैसे राज्याच्या तिजोरीतून देण्याचे ठरले. त्याच वर्षी 1 जूनपासून राज्यातले 12 नाके बंद झाले होते आणि 53 नाक्यांवर हलकी वाहने व एसटी बस यांना सूट मिळाली होती. प्रत्येक माफीची भरपाई कंत्राटानुसार सरकारला करावी लागते. ती रक्कम शेवटी त्या लोकांकडूनही येते ज्यांच्या दारात मोटार नाही. मोटारवाल्याचा टोल मजुराच्या करातून भरला जातो, एवढाच माफीचा अर्थ उरतो. अमेरिकेतल्या शिकागो शहराने 2008 मध्ये पार्किंगचे मीटर 75 वर्षांसाठी विकले. आता एखाद्या सणासाठी रस्ता बंद करायचा झाला तरी महापालिकेला कंपनीची भरपाई करावी लागते. विकलेला दर परत घ्यायचा तर असाच महाग पडतो.

आता दुसरी बाजू. दर हातात ठेवला तर त्यातून काय साधते? कोलंबिया विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी 1959 मध्येच वॉशिंग्टन शहरासाठी गर्दीप्रमाणे दर आकारण्याची योजना सुचवली होती. त्यांचे म्हणणे साधे होते. गर्दीच्या वेळी रस्त्यावर आलेले एक वाहन स्वतःचा वेळ घालवते ते त्याचे त्याला कळते, पण मागच्या शेकडो जणांचा जो थोडा थोडा वेळ ते खाते त्याची किंमत कोणीच देत नाही. ती किंमत त्या वाहनाला दाखवली, तर ज्याचे काम थांबण्यासारखे आहे तो वेळ बदलेल. रस्ता भरत आला असताना शेवटची काही वाहनेच त्याची गती मोडतात, त्यामुळे थोडी वाहने कमी झाली तरी रांग बरीच आखूड होते. विकरींना 1996 मध्ये नोबेल जाहीर झाले आणि तीन दिवसांनी ते वारले. तोवर त्यांची कल्पना आशियातल्या एका शहराने वीस वर्षे राबवून दाखवली होती.

सिंगापूरने जून 1975 मध्ये मध्यवर्ती भागाला सीमा आखली. त्या काळी ना कॅमेरे होते ना संगणक. मोटारीच्या पुढच्या काचेवर दिवसाचा कागदी परवाना चिकटवायचा, तो 3 डॉलरला मिळायचा, आणि कमानीखाली उभे राहिलेले कर्मचारी डोळ्यांनी तो पाहून घेत. मोटारीत चौघे असतील तर पैसे नाहीत. सकाळच्या गर्दीतली वाहतूक चाळीस टक्क्यांहून अधिक घटली. 1998 मध्ये तिथे इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली, आणि माझ्या मते त्यातला खरा शोध यंत्राचा नव्हता, नियमाचा होता. ठराविक काळाने प्रत्येक कमानीखालचा वेग मोजायचा. शहरातल्या मोठ्या रस्त्यांवर तो ताशी 20 ते 30 किलोमीटर आणि द्रुतगती मार्गांवर 45 ते 65 असावा. वेग त्याखाली गेला तर दर वाढवायचा, त्यावर गेला तर कमी करायचा. एप्रिल 2020 मध्ये महासाथीत रस्ते ओस पडले तेव्हा सगळ्या कमानींचा दर शून्य करण्यात आला. सरकारने स्वतःहून शून्य केला. महाराष्ट्रात टोल शून्य व्हायला आंदोलन करावे लागते, नाके फोडावे लागतात किंवा निवडणूक यावी लागते. ज्या दराला खाली येण्याचा नियम आहे, त्यावर लोक विश्वास ठेवतात.

सिंगापूरचे नाव काढले की लगेच म्हटले जाते, तिथे एकाच पक्षाचे राज्य, लोकशाहीत हे जमायचे नाही. हा आक्षेप स्टॉकहोमने निकालात काढला. तिथे जानेवारी ते जुलै 2006 अशी सात महिन्यांची गर्दीशुल्काची चाचणी झाली. त्याआधी, ऑगस्ट 2005 पासूनच, जादा बस आणि नवे मार्ग सुरू केले होते. दर वेळेप्रमाणे 10, 15 किंवा 20 क्रोनर. सीमेवरची वाहतूक सुमारे 20 टक्क्यांनी घटली आणि रांगेत जाणारा वेळ एक तृतीयांश ते निम्म्याने. चाचणी संपली, शुल्क उठले, आणि वाहने परतली. लोकांनी दोन्ही अवस्था स्वतः पाहिल्या आणि मग सप्टेंबरमध्ये मतदान केले. चाचणीपूर्वी बहुसंख्य विरोधात होते, सार्वमतात शहरातल्या निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी बाजूने कौल दिला. ऑगस्ट 2007 पासून शुल्क कायम झाले. लोकांना आधी अनुभव द्या आणि मग विचारा, हा क्रम महत्त्वाचा ठरला. एडिनबरात 2005 मध्ये आणि मँचेस्टरमध्ये 2008 मध्ये आधी विचारले, तेव्हा मोठ्या बहुमताने नकार आला.

लंडनचा अनुभव संमिश्र आहे आणि तो लपवणे योग्य होणार नाही. फेब्रुवारी 2003 मध्ये केन लिव्हिंगस्टन यांनी 5 पौंडांचे शुल्क आणले, शेकडो जादा बस रस्त्यावर आल्या आणि पहिल्या काही वर्षांत कोंडी सुमारे 30 टक्क्यांनी उतरली. पुढे ती पुन्हा वाढली. रस्त्यांची खोदकामे झाली, बस आणि पादचाऱ्यांना जास्त जागा दिली गेली, आणि भाड्याच्या खासगी मोटारी कित्येक वर्षे शुल्कातून मोकळ्या राहिल्या. शिवाय तिथला दर दिवसाचा एकच होता, एकदा भरला की दिवसभर कितीही फिरा. दर वेळेप्रमाणे हलला नाही की त्याची धार बोथट होते. न्यूयॉर्कने जानेवारी 2025 पासून मॅनहॅटनच्या दक्षिण भागात शुल्क लावले. ते दिवसा 9 डॉलर आणि रात्री सव्वादोन. पहिल्या वर्षात तिथे शिरणारी वाहने सुमारे 11 टक्क्यांनी कमी झाली. त्यावर राजकीय आणि न्यायालयीन लढाई बरीच झाली. मला मात्र त्यातली एक गोष्ट आपल्यासाठी मोलाची वाटते. त्या शुल्काच्या बळावर भुयारी रेल्वे आणि बससाठी 15 अब्ज डॉलर उभे करायचे आहेत, पण दर ठरवण्याचा अधिकार सार्वजनिक वाहतूक प्राधिकरणाकडेच आहे. उत्पन्न तारण ठेवता येते. त्यासाठी दर विकावा लागत नाही. आगाऊ पैसे घेतल्याशिवाय रस्ते कसे बांधणार, असे जे विचारतात त्यांना हेच उत्तर आहे.

आता आपल्याकडचे आक्षेप. पहिला: मोटार घेताना वाहनकर भरला, पेट्रोलवर कर आणि उपकर भरला, आता पुन्हा कशाला? या म्हणण्यात तथ्य आहे. पण वाहन बाळगल्याचा कर आणि इंधनाचा कर या दोन्हींना वेळ आणि जागा कळत नाही. गडचिरोलीच्या रिकाम्या रस्त्यावर आणि सकाळी साडेनऊला पश्चिम द्रुतगती मार्गावर जळणाऱ्या लिटरला सारखाच कर बसतो. गर्दीशुल्क लावायचेच असेल तर त्या महानगरातला दुसरा एखादा वाहनकर उतरवून लावावे. तसे केले तर हा आक्षेप बऱ्याच अंशी मिटेल.

दुसरा आक्षेप गरिबाचा कैवार घेतो. मुंबईत गर्दीच्या वेळी एकटा मोटारीत बसून येणारा माणूस या शहरातला गरीब नाही. लोकलने रोज 60 लाखांहून अधिक माणसे येतात-जातात. कोंडीत अडकलेल्या बसमध्ये चाळीस-पन्नास माणसे उभी असतात, त्यांच्या वेळेचे मोल पुढच्या मोटारींच्या रांगेइतकेही धरले जात नाही, याचा मला संताप येतो. पण या आक्षेपाचा एक भाग मी मान्य करतो. घरांच्या किमतींमुळे कल्याण, डोंबिवली, विरार, पनवेलला जाऊन राहिलेली माणसे, टेम्पोवर पोट असलेला छोटा व्यापारी आणि टॅक्सीवाले यांना वेगळा विचार लागेल. मासिक मर्यादा, व्यवसायासाठी कमी दर, रुग्णांना सूट या तरतुदी अवघड नाहीत. फास्टॅग फेब्रुवारी 2021 पासून सक्तीचा आहे, त्यामुळे कोणते वाहन कधी आले हे यंत्रणेला कळते. त्याच कारणासाठी कोण कुठे गेला याची नोंद ठराविक मुदतीनंतर पुसण्याचा कायदाही सोबत हवा.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: पर्याय कुठे आहे? स्टॉकहोममध्ये बस आधी आल्या, शुल्क नंतर. मुंबईत उलटे झाले. चार हजारांवर असलेला बेस्टचा ताफा घटत तीन हजारांच्या खाली आला. महापालिकेने सुमारे 14 हजार कोटी खर्चून किनारी रस्ता बांधला, त्यावर टोल नाही आणि दुचाकी-रिक्षांना प्रवेशही नाही. त्याच महापालिकेने 2025-26 च्या अंदाजपत्रकात बेस्टसाठी 1,000 कोटी ठेवले. अशा स्थितीत उद्या उठून गर्दीशुल्क लावले तर लोक रस्त्यावर उतरतील, आणि मी त्यांची बाजू घेईन. बस आधी. त्यांना स्वतंत्र मार्गिका आधी. मग शुल्क, आणि त्या शुल्कातून आणखी बस.

एक भौगोलिक अडचण राहते. मुंबईतली कामाची ठिकाणे आता फोर्टात एकवटलेली नाहीत, ती वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी, पवई, ऐरोली अशी विखुरली आहेत. शहराच्या वेशीवरचे नाके पुन्हा उभारून हे साधणार नाही. वांद्रे-कुर्ला संकुल, दोन्ही द्रुतगती मार्ग आणि खाडीवरचे पूल अशा ठरावीक रस्त्यांवर, ठरावीक वेळी, आधी सहा-सात महिन्यांची चाचणी घेणे हाच मार्ग मला दिसतो. चाचणीचे आकडे दर महिन्याला जाहीर व्हावेत आणि तिच्या शेवटी दर कमी करण्याचा अधिकारही त्या यंत्रणेला असावा.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे कंत्राट 2030 मध्ये संपते. नव्या कंत्राटाची तयारी त्याआधी वर्षभर तरी सुरू होईल, आणि पुन्हा एकदा मोठी आगाऊ रक्कम समोर ठेवली जाईल. ती निविदा निघण्यापूर्वी तिचा मसुदा विधिमंडळासमोर यावा, आजवर किती वसूल झाले आणि किती बाकी आहे हे लेखापरीक्षकाच्या सहीने जाहीर व्हावे, आणि दर ठरवण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीला देऊ नये, अशी मागणी आपण आपल्या आमदारांकडे आतापासून लेखी करावी, एवढी माझी विनंती आहे.